जनाक्काचा उजवा हात

जनाक्का पहिल्यांदा माझ्यासमोर झोपली तेव्हा मला वाटलं, तिला चक्कर आली. मी तिच्या तळहातावरचा टाक्यांचा वण अंगठ्यानं दाबून चोळत होते. वण असा चोळला नाही तर तो आतून चिकटतो आणि बोटं वळत नाहीत. पण ऑपरेशननंतरच्या दिवसांत हे चोळणं फार दुखतं. चांगले धट्टेकट्टे गडीही ओठ चावतात. कुंडलचा एक पैलवान होता, कोपर निखळून आला होता, तो कोपर वाकवायची वेळ आली की लहान मुलासारखा आईला हाका मारायचा. जनाक्काची मात्र मान एका बाजूला कलली आणि ती चक्क घोरायला लागली.

मी घाबरून तिला हलवलं. "आक्का, अहो आक्का, काय होतंय?"

तिनं डोळे न उघडताच सांगितलं, "काय न्हाई हुईत. तुमचं चालू द्या."

"दुखत नाही का?"

"दुखतंय की. दुखतंय म्हणून झोप थांबतीया व्हय?"

सांगलीच्या एका दवाखान्यात मी हाताच्या रुग्णांना व्यायाम देते. ऑपरेशन सर करतात; हाड जोडणं, तुटलेल्या नसा, बोटं वळवणाऱ्या दोऱ्या जोडणं हे त्यांचं काम. त्यानंतर तो हात माझ्याकडे येतो आणि महिनोन्‌महिने माझ्याकडेच असतो. या कामाला बरीच वर्षं झाली. कुठल्या महिन्यात कुठला हात येणार हे आता मला पाठ झालंय. सुगीत मळणीयंत्राचे, गळीत सुरू झालं की गुऱ्हाळाच्या चरकाचे, हळदीच्या दिवसांत हळद पॉलिश करायच्या ड्रमचे, आणि वैरण कापायच्या कडबाकुट्टीचे बारा महिने. कडबाकुट्टीच्या हातांत बायकांचे हात जास्त. नवरा शेतावर किंवा नोकरीवर, वैरण बाईनंच घालायची.

जनाक्का त्यांतलीच. औंधाच्या पलीकडे, माळावरचं गाव. पूर्वी घरात मेंढरं होती, सासऱ्याच्या मागोमाग ती कोकणापर्यंत चालत गेलेली. पुढं मेंढरं विकली, थोडी जमीन केली, दोन म्हशी आणि पाच-सहा शेळ्या उरल्या. नवरा जाऊन बरेच दिवस झाले होते. एकुलता मुलगा मिल्ट्रीत. घरात ती, सून रेखा आणि रेखाची तान्ही मुलगी. वय पंचावन्नच्या आसपास असेल. उंच, काटकुळी, काळीसावळी, कोपरापर्यंत गोंदलेलं. विट्याला एक यष्टी बदलून ती माझ्याकडे यायची आणि खुर्चीत बसून हात टेबलावर ठेवला की झोपायची. एकदा मी थट्टेनं म्हटलं, "आक्का, तुम्ही व्यायामाला येता की झोपायला?" तेव्हा म्हणाली, "दमल्यालं माणूस रडत न्हाई, म्याडम, निजतं. घरात निजाय गेलं की म्हस वरडती. हितं तुमी हात धरून बसलाय, मला कोन उठीवतंय?"

अपघात कसा झाला ते तिनं मला दोन वाक्यांत सांगितलं होतं. "शाळूचा कडबा व्हता, दव पडून वला झाल्याला. पेंडी आडाकली म्हणून वाईच रेटली. मशीननं हात मागितला, म्या दिला." रेखा धावत आली आणि तिनं बटण बंद केलं. शेजाऱ्याच्या जीपनं विटा आणि तिथून सांगली. पदरात गुंडाळलेला तो हात सरांनी उघडला तेव्हा तर्जनी फक्त मागच्या कातडीवर लोंबत होती. मधल्या बोटाची दोरी तुटली होती, पण हाड शाबूत होतं. अंगठा वाचला होता. सर सकाळी ऑपरेशनला उभे राहिले ते दुपार कलली तेव्हाच बाहेर आले. दुर्बिणीतून केसाएवढ्या टाक्यांनी त्यांनी रक्तवाहिनी जोडली होती. दुसऱ्या दिवशी तर्जनी गुलाबी दिसली तेव्हा एरवी न हसणारे सर हसले. शिकायला आलेल्या मुलांना त्यांनी ते बोट दाखवलं.

त्या बोटापायी सरांनी तिची मशेरी बंद केली. तंबाखूनं रक्तवाहिनी आवळते, बोट काळं पडेल, असं त्यांनी तिला दरडावून सांगितलं. जनाक्का जन्मभर सकाळ-संध्याकाळ मशेरी लावत आलेली आणि ती लावायची याच बोटानं. म्हणाली, "सायेब, म्हंजी मशेरीच्या बोटासाठी मशेरी सोडायची?" सर म्हणाले, "हो." तिनं सोडली. पहिल्या आठवड्यात तिला काही सुचत नव्हतं, पुढं यष्टीत शेजारणीनं डबी उघडली की ती उठून दुसरीकडं बसायची. हे मला रेखानं सांगितलं. ती स्वतः बोलली नाही.

व्यायामाचं मात्र तिचं-माझं दर खेपेला भांडण. तासातासाला दुसऱ्या हातानं बोटं हळूच वाकवायची, सोडायची, आणि जोर अजिबात लावायचा नाही, एवढंच तिला करायचं होतं. दोरी जोडली की ती पहिले काही आठवडे सुताएवढी कच्ची असते. प्लॅस्टिकची पट्टी हातावर कायम ठेवायची.

"व्यायाम केले का, आक्का?"

"केलं की."

"खरं सांगा."

"मनात केलं."

"मनात करून बोटं वळत नाहीत."

"व्हय, पर तासातासाला म्हंजी किती वं, म्याडम? तास कवा झाला ते बघाय मला गोठ्यात घड्याळ हाय का? एक काम संपलं की दुसरं, त्येच आमचं घड्याळ." मग माझा चेहरा बघून आवाज उतरवायची. "करते. आजपास्नं करते."

आणि खरंच करू लागली. मधलं बोट वळायला लागलं. तर्जनीही पाव इंच हलायला लागली होती. मग एका सोमवारी ती आली, पट्टी हातावर नीट बांधलेली, पण मी ती सोडून "वाकवा" म्हटलं तर तर्जनी हललीच नाही. नुसती सरळ उभी. मी दाबून पाहिलं, आतली दोरी हाताला लागेना. मला कळलं, आणि माझा चेहरा बघून तिलाही कळलं.

"काय केलंत, आक्का?"

"शेळी आडली व्हती," ती म्हणाली. "पोटात पिल्लू आडवं. रातीपास्नं कळा देत व्हती. रेखाचा हात लहान, पर तिला म्हाईत न्हाई आत काय कसं फिरवायचं. म्या डाव्यानं बघितलं, जमंना. मग पट्टी काढली."

मी तिला सरांकडे घेऊन गेले. सर तिच्यावर ओरडले. सर सहसा ओरडत नाहीत. सगळी मेहनत वाया घालवलीत, एका शेळीसाठी हात घालवलात, असं बरंच काही बोलले. जनाक्का उभी राहून ऐकत होती. त्यांचं संपल्यावर म्हणाली, "सायेब, त्ये मुकं जनावर माज्याकडं बघत व्हतं. तुमी तितं आसता तर तुमीबी हात घातला आसता." सरांनी टेबलावरचा पेपर उगीच सरळ केला. मग म्हणाले, "जगली का?"

"दोगीबी जगली. पिल्लू पाट हाय, मादी. लय गुणाची हाय."

त्यानंतरचे दोन महिने मला नीट आठवतात, कारण त्या दिवसांत मीही थकले होते. आमच्याकडे दुसरी व्यायामवाली सोडून गेली होती, बाहेर बाकावर रुग्णांची रांग, आणि रोज संध्याकाळी घरी गेल्यावर माझी स्वतःची बोटं भाकरीचं पीठ मळायला तयार नसत. जनाक्काचं मधलं बोट सुधारत होतं, पण तर्जनी तशीच ताठ. तिच्यातली नसही उगवली नव्हती. टाचणी टोचली तरी कळायचं नाही. सकाळच्या थंडीत ती लोखंडासारखी गार पडायची. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे ती मध्ये यायची. बादलीची कडी धरायला गेलं की आधी ती आपटायची. चुलीत लाकूड सारताना तिचं टोक भाजलं, ते जनाक्काला वास आल्यावर कळलं.

मी तिला रबरी हातमोज्यात पाणी भरून द्यायचे आणि त्याच्या बोटांची धार काढायला सांगायचे. म्हशीची धार काढणाऱ्या बायकांना हा व्यायाम आवडतो. जनाक्का मोज्याचं बोट अंगठ्यात धरायची, पण ताठ तर्जनी आडवी यायची आणि पकड सुटायची. पाणी तिच्या लुगड्यावर. ती पुन्हा धरायची. एकदा तिनं मोजा खाली ठेवला, डाव्या हातानं ती तर्जनी धरली आणि परक्याच्या वस्तूकडं बघावं तशी तिच्याकडं बघत राहिली.

"म्याडम," ती म्हणाली, "ह्ये काढून टाका म्हणावं सायबाला."

मी तिला समजावलं. सरांच्या मनात दुसरं ऑपरेशन होतं. आधी बोटात रबराची नळी घालून ठेवायची, दोरीसाठी वाट तयार करायची, तीन महिन्यांनी मनगटातली एक दोरी काढून तिथं बसवायची, मग पुन्हा व्यायाम. सगळं नीट झालं तर बोट थोडं वळेल. "बोट गेलं की परत येत नाही, आक्का," मी म्हटलं. "हात विद्रूप दिसेल. घाई करू नका."

"बरं," ती म्हणाली. पण पुढच्या आठवड्यात रेखाला घेऊन आली आणि सरळ सरांच्या खोलीत गेली. मलाही तिनं हाताला धरून आत नेलं.

रेखानं नवऱ्याला फोन लावला होता. तो सीमेवर कुठंतरी, मागं डोंगर, आवाज तुटत होता. "डॉक्टर साहेब," तो म्हणाला, "काय लागंल ते करा, पण आईचं बोट काढू नका. गावात लोक काय म्हणतील? पोरगा फौजेत आणि आईला लुळी केली." रेखाही रडवेली झाली. "आत्या, ऐका की. मी करते सगळं काम. तुमी नुसतं बसून ऱ्हावा."

जनाक्कानं फोनकडं बघितलं. "तू तुजी बंदूक बघ, बाळा. ठिव आता." मग रेखाला म्हणाली, "पोरी, खालनं चा घिऊन ये. म्याडमला आन सायबालाबी."

रेखा गेली. तिच्या पावलांचा आवाज जिन्यात विरेपर्यंत जनाक्का गप्प राहिली. मग तिनं खुर्ची पुढं ओढली.

"सायेब, तुमचं नळीचं, दोरीचं, सगळं मिळून किती दिस?"

"सहा महिने. कदाचित जास्तही."

"आन काढलं तर?"

"महिना-दीड महिना. पण—"

"ऐका जरा. माजा हात मोडल्यापास्नं मशीनवर कोन हाय? ती हाय." तिनं दाराकडं हनुवटी केली. "चोवीस वर्साची पोर. पाठीला लेकरू बांधून मशीनला वैरण लावती. मी नुसती बसून बघतीया. मशीन सुरू झालं की मला पानीबी गिळत न्हाई. तिचं ध्यान लेकराकडं, लेकरू रडलं की मान वळती, आन हात पुढंच. म्या तिला म्हनलं म्हशी इकू. तर म्हनती, आत्या, तुमचा जीव हाय त्येंच्यावर. पोर लय गुणाची हाय वं." तिचा आवाज पहिल्यांदाच चिरका झाला. "माजं एक बोट ऱ्हाऊ दे म्हणून सा म्हैनं तिची धाबी बोटं मी मशीनच्या तोंडात ठिवू?"

सरांनी तिचा हात हातात घेतला, तर्जनीची पेरं एकेक करून वाकवून बघितली. ती वाकत नव्हती. मी त्यांच्याबरोबर इतकी वर्षं काम करते; ते दमलेत हे मला त्यांच्या खांद्यांवरून कळतं.

"हे बोट नीट होणार नाही हे मला माहीत होतं, आक्का," ते शेवटी म्हणाले. "महिन्याभरात मीच तुम्हाला सांगणार होतो. तुम्ही विचारू नये असं वाटत होतं. फार मनापासून जोडलं होतं मी ते."

"म्हाईत हाय की. तुमच्या हाताला यश न्हाई असं न्हवं, सायेब. त्येचं दिस भरलं." मग तिनं उलट त्यांच्याच मनगटावर डावा हात ठेवला. "तुमी वाईट वाटून घिऊ नगा."

रेखा चहा घेऊन आली तेव्हा ऑपरेशनचा दिवस ठरला होता. आत काय बोलणं झालं ते जनाक्कानं तिला सांगितलं नाही. "सायेब म्हनलं, काढल्यालं बरं," एवढंच म्हणाली. सरांनीही मान डोलावली.

ऑपरेशनच्या वेळी फक्त हात बधिर करतात, माणूस जागा असतो. सरांनी मला नंतर सांगितलं की काम संपता संपता जनाक्कानं पडद्याच्या पलीकडून विचारलं, "बोट टाकून देनार का काय?" सर म्हणाले, "तुम्हाला हवं असेल तर देऊ." तिला हवं होतं. रेखानं ते घरी नेलं आणि बांधावरच्या बोरीखाली पुरलं. मी विचारलं तेव्हा जनाक्का म्हणाली, "माजं थोडं म्होरं गेलं. बाकीचं मागनं जाईल. वळख ऱ्हाईल जागंची."

सरांनी तळहातातल्या हाडासकट बोट काढलं होतं, त्यामुळं मध्ये खाच राहिली नाही. चार बोटांचा, जरा अरुंद, पण देखणा हात. पटकन बघणाऱ्याला काही कमी आहे हे कळायचंही नाही. मधल्या बोटानं तर्जनीची सगळी कामं अंगावर घेतली. तिसऱ्या-चौथ्या खेपेला तिनं हातमोज्याची धार काढली आणि पाण्याची चिळकांडी नेमकी माझ्या चष्म्यावर मारली. तिला एवढी हसताना मी तेव्हाच बघितलं. मशेरीही पुन्हा सुरू झाली, मधल्या बोटानं. मी रागावले तर म्हणाली, "आता कशाला जपू, म्याडम? ज्येच्यासाठी सोडली त्ये गेलं." आणि एकदा कुणीतरी तिला बोटाविषयी हळहळून विचारलं, तेव्हा म्हणाली, "चांगलंच झालं की. कुनाकडं बोट दावायचं पाप टळलं."

शेवटच्या दिवशी ती शेंगा घेऊन आली. हाताची पकड मी मोजली, चांगली होती. "आता यायची गरज नाही," मी म्हटलं. ती उठली, दारापर्यंत गेली आणि वळली. "तुमीबी जरा सावलीत बसत जावा. लोकांचं हात धरधरून तुमचं त्वांड बगा कसं सुकलंया."

ती गेल्यावर सर माझ्या खोलीत आले. खिडकीतून खाली यष्टीकडं चाललेली ती दिसत होती. "उद्यापासून पुन्हा त्याच मशीनवर," सर म्हणाले. "आपण हात नीट करतो तो कशासाठी, कधीकधी कळत नाही." बाहेर बाकावर नवा हात येऊन बसला होता, हळदीचा.

त्यानंतर जनाक्का पुन्हा आली नाही. अधूनमधून रेखाचा फोन यायचा, मग तोही थांबला.

मागच्या वर्षी, ऐन पावसाळ्यात, एक बाई मुलीला घेऊन माझ्या दारात उभी राहिली. मुलगी शाळेच्या घसरगुंडीवरून पडली होती, कोपराचं हाड मोडलं होतं, प्लॅस्टर काढल्यावर कोपर वाकत नव्हता. बाईनं नाव सांगितलं तेव्हा मी ओळखलं. रेखा. जरा भरली होती. पाठीवरचं ते लेकरू आता आठ-नऊ वर्षांचं झालं होतं, आरोही.

"आक्का कशा आहेत?" मी विचारलं.

"आत्या गेल्या की, मॅडम. उन्हाळ्यात. गोठ्यात शेण काढत होत्या, छातीत कळ आली. विट्याला नेईपर्यंत..." तिनं पदर तोंडाला लावला.

मी तिला बसवलं, पाणी दिलं. मुलगी भिंतीवरचं हाताच्या हाडांचं चित्र बघत होती.

"शेवटपर्यंत काम करायच्या," रेखा म्हणाली. "मला मशीनजवळ येऊच दिलं न्हाई. इकडं तुमच्याकडनं गेल्या आन दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, आजपास्नं तू गोठ्याच्या उंबऱ्याच्या आत पाय ठिवायचा न्हाई. मला लय वाईट वाटायचं, मॅडम. वाटायचं, माझं काम पसंत न्हाई. गावातल्या बायका म्हणायच्या, सासू लय खाष्ट हाय, सुनेच्या हातात काय जाऊ देत न्हाई. मीबी तसंच समजून बसले. दोनदा भांडलेबी."

जनाक्कानं तिला कधीच सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं सुनेचा गैरसमज तसाच राहू दिला होता. मी सरांच्या खोलीतली ती सकाळ रेखाला सांगितली, चहा आणायला तिला कशाला पाठवलं होतं ते सांगितलं. रेखा ऐकत राहिली. तिची नजर खाली फरशीवर होती.

"आता मशीन कोण चालवतं?" मी विचारलं.

"मीच."

मी पुढं होऊन तिचे दोन्ही हात हातात घेतले. उलटे केले, सुलटे केले. कष्टानं राठ झालेले, नखांत वैरणीचा हिरवा रंग, डाव्या अंगठ्यावर विळ्याचा जुना वण. बोटं सगळी जागच्या जागी.

"माझ्या हाताला काय झालं न्हाई, मॅडम," रेखा ओशाळून म्हणाली. "हिचा कोपर दावायचा हाय."

"हो," मी म्हटलं. पण तिचे हात मला लगेच सोडवेनात.